दाजींची रांगती गाडी

९ जानेवारी

चि. खारूताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांच्या तब्येती, मग बाकीचं. तुझं पडसं उतरलं का? दातांच्या कवळ्या घासताना ती पांढरी भुकटी नाकात जाते, म्हणून तोंडाला फडकं बांधायला सांगितलं होतं. तू बांधत नसशीलच. माझ्या धाकटीचं, तुझ्या आईचं, मनगट कसं आहे? लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री धरायची आणि घरी येऊन पुन्हा पिळायचं-वाळत घालायचं, मनगट बोलणारच. तिला म्हणावं, दादानं सांगितलंय, गरम पाण्याची पिशवी कपाटात ठेवायला दिलेली नाही. आणि दाजी? त्यांच्या साखरेचं डॉक्टर काय म्हणतात? इकडे मामीचा डावा गुडघा कुरकुरतो आणि उजवा त्याची री ओढतो. माझे कान होते तसेच आहेत, म्हणून फोन नको, पत्रच बरं. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो. त्यात फार घोटाळे होतात.

तुझं पत्र चार ओळींचं. ‘बाबांसाठी रिमोटची गाडी घ्यायची आहे. खेळण्यातली नको, तुझ्याकडे आहेत तसली, खरी. पहिलीच आहे, तर कोणती घेऊ? आणि तू सुचवलीस हे त्यांना कळू देऊ नकोस.’

वाचून आधी हसलो. माझ्या साठीला, भरल्या घरात, दाजी म्हणाले होते, “दादांना आता दुपटं आणि दुधाची बाटली तेवढी आणायची राहिली.” मीही असा नग, की त्यावरून वर्षभर तुमच्याकडे फिरकलो नाही. त्या माणसासाठी गाडी निवडायची, तीही मी?

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू गेलं. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस सप्टेंबरात डेपोच्या फाटकातून गाडी आत घेताना स्टिअरिंगवर बेशुद्ध पडला. बस भिंतीला धडकून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण लायसन्स गेलं आणि तेव्हापासून दाजी घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. डॉक्टर रोज तासभर चाला म्हणतात, तर हे म्हणतात, “चालत कुठे जाऊ?” एवढं धाकटीनं कळवलंय. गाडीच्या मागे मागे तरी माणूस बाहेर पडेल असं तुझ्या मनात आहे ना? विचार वाईट नाही, पोरी.

पण दुकानात धावत सुटू नकोस. माझ्याबरोबर मैदानात गाड्या चालवणाऱ्या मंडळींपैकी निम्म्यांनी पहिली गाडी रंग बघून घेतली आणि आता ती माळ्यावर आहे. मला सांग, घराजवळ जागा कशी आहे, डांबर की माती? दाजींचे हात थरथरतात का? चष्म्यानं लांबचं नीट दिसतं? आणि गाडी मोडली तर ते ती उघडून बसतील की पाय आपटतील? गाडी मोडणार, हे धरूनच चाल. खेळण्यातली गाडी मोडली की फेकायची. या गाडीचा प्रत्येक स्क्रू निघतो आणि जो भाग मोडला तेवढाच बदलता येतो, म्हणून तर ती घ्यायची.

तुझा,
मामा


१७ जानेवारी

प्रिय मामा,

पडसं गेलं. फडकं बांधत नाही, खोटं कशाला बोलू. आईनं पिशवी काढली, पण ती मनगटावर नाही, पायाशी घेऊन झोपते. मामीला सांग, गुडघ्यांचं भांडण लावून दे, एक तरी गप्प बसेल.

आमच्या मागे खडीची गल्ली आहे आणि गल्लीच्या टोकाला बंद पडलेली वीटभट्टी. मातीचे ढिगारे, फुटक्या विटा, मधे गवत. डांबर फक्त पुढच्या रस्त्यावर, तिथे रहदारी असते. बाबांचे हात पक्के आहेत, मागच्या आठवड्यात माझ्या घड्याळाचा पट्टा त्यांनीच बसवून दिला. लांबचं छान दिसतं. आणि मोडलेलं उघडून बसतील, ते तर बसतीलच. पाय आपटत नाहीत. आवाजसुद्धा चढवत नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी साखर एकदम का उतरली ते कळत नाही. पुन्हा होईल की नाही तेही छातीठोक सांगत नाहीत. बाबांना विचारलं की एकच उत्तर, “सांगितलं ना एकदा, मला काही माहीत नाही.” मला वाटतं त्यांना राग आलाय, लायसन्स काढून घेतल्याचा.

एक गोष्ट आईला लिहायची नव्हती, मी लिहिते. ते खिडकीकडे पाठ करून बसतात. खाली बस वळणावर आली की त्यांचा डावा पाय फरशीवर दाबला जातो, क्लच दाबावा तसा. त्यांना कळतही नाही. आई म्हणते, बघितलं तरी न बघितल्यासारखं कर.

काल दुकानात जाऊन आले. दुकानदारानं एक लाल गाडी दाखवली, बुटकी, मोठाल्या चाकांची. म्हणे ताशी साठ. “घेऊन टाका ताई, सगळे हीच नेतात.” मी हात मागे घेतला, पण गाडी देखणी होती. ती घेऊ का?

तुझी,
खारूताई


२३ जानेवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

हात मागे घेतलास, शहाणी आहेस. ती लाल गाडी पहिल्या दिवशी पन्नास पावलांवर जाईल, दाजी जागेवर उभे राहतील, ती ढिगाऱ्यावरून उडून उलटी पडेल आणि तू धावत आणायला जाशील. चालणं तुला होईल, त्यांना नाही. आणि ज्यांच्या हातून गाडी भिंतीवर गेली त्यांच्या हातात ताशी साठ द्यायची नसते. जमिनीला घासून पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीचं तर नावच नको, खडीवर तिची बोळवण होईल.

त्यांच्यासाठी मी तिसरीच जात निवडली आहे. दुकानदार तिला क्रॉलर म्हणतात, मी रांगती गाडी म्हणतो. दिसायला जीप किंवा ट्रक, चारी चाकं ओढणारी, वेग माणसाच्या चालण्याएवढा. विटेवर चढते, खड्ड्यात उतरते आणि चढावरसुद्धा बोट काढलं की आहे तिथे थांबते. पण तिला नीट चढवायची तर मागोमाग जावं लागतं, वाकून बघावं लागतं कुठलं चाक अधांतरी आहे ते. तासभर कसा जातो कळत नाही. वीटभट्टी म्हणजे तर तिला माहेर.

तयार जोडलेली घे. सुट्या भागांची पेटी दुसऱ्या खेपेला. बॅटरी जाडी, साधी, जुन्या धाटणीची घे. हलकी आणि जोरदार म्हणून दाखवतील तिचे लाड फार असतात. आणि पैसे काढायच्या आधी दुकानदाराला एकच विचार, “पुढच्या चाकाचा दांडा मोडला तर तेवढाच मिळतो का?” आत जाऊन तो काढून दाखवतो का बघ. ‘मागवून देऊ’ म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पड.

गाडी घेतलीस की आधी माझ्याकडे पाठव. तिच्यासोबतचा रेडिओ, म्हणजे रिमोट आणि त्याची हाक ऐकणारी गाडीतली डबी, मला पसंत नसतो, माझ्याकडे एक कोरा आहे, लांबवर पोचतो, तो बसवतो. सगळं लावून, चालवून, पुसून पाठवीन. पुस्तिकेची काळजी करू नकोस. शिलाईयंत्रं दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही आणि या गाड्यांचंही नऊ वर्षांत एक पान वाचलेलं नाही. हाताला कळतं.

एक नियम मात्र पाळा. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. मी आजवर कधी चुकवलेला नाही.

तुझा,
मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

तब्येती नंतर लिहिते.

खोकं रविवारी आलं. बाबांनी गाडी हातात घेतली, उलटी केली आणि खालून बघत राहिले. मग म्हणाले, “अ‍ॅक्सल खरे आहेत की.” पाच महिन्यांत त्यांनी आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य. आई पोळी लाटता लाटता थांबली.

मग विचारलं, “ब्रेक कुठाय?”

मी म्हटलं, “बोट काढलं की थांबते.”

“ते मी बोट काढलं तर. मी नसलोच तर?”

“तुम्ही कुठे जाणार आहात?” मी हसून म्हटलं. मामा, मला खरंच काही कळलं नाही.

त्यांनी गाडी पॅसेजमधे ठेवली, हळू पुढे नेली, मागे आणली. छान वळवत होते. मग म्हणाले, “बघू, माणूस गेल्यावर ही काय करते.” आणि चालत्या गाडीचा रिमोट बंद केला. तुझा नियम सांगायला मी तोंड उघडलं, तोवर गाडी सुटली. थांबलीच नाही. सरळ जाऊन चपलांच्या रॅकवर चढली, कुशीवर पडली, आणि चाकं फिरतच राहिली. बाबांनी जाऊन तिची बॅटरी काढली, गाडी खोक्यात ठेवली आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. चेहरा असा, की आई गॅस तसाच ठेवून बाहेर आली.

त्यानंतर चार दिवस ते खोलीतच आहेत. जेवणाचं ताट आत जातं. 

तू चालवून बघितली होतीस ना? की मीच काही बिघडवलं? ही गाडी आणायलाच नको होती असं वाटतंय.

खारूताई


२४ फेब्रुवारी

दाजींना नमस्कार.

पाकिटावर तुमचं नाव बघून नवल वाटलं असेल. गाडी पोरीनं आणली, पण निवडली मी आणि तिच्यातला रेडिओ बसवला तोही मी. हे तुमच्यापासून लपवायचं ठरलं होतं. आता लपवण्यात अर्थ नाही, कारण चूक माझी आहे आणि ती माझ्याच तोंडून तुम्हाला कळलेली बरी.

पोरीचं पत्र आलं तसा मी माझी एक गाडी अंगणात काढली आणि जन्मात पहिल्यांदा चालत्या गाडीचा रिमोट बंद केला. ती कुंडीवर गेली. मग त्या कोऱ्या रेडिओची पुस्तिका शोधली. अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती. भाषा मला येत नाही. शेजारच्या बाई भाषांतराची कामं करतात, त्यांनी वाचून दाखवली. सातव्या पानावर आहे. गाडीतल्या छोट्या डबीला एक बटण असतं. ते दाबताना रिमोटवर बोट जसं असेल तसं ती डबी लक्षात ठेवते. उद्या रिमोटची हाक बंद झाली, तर ती त्या लक्षात ठेवलेल्यासारखं वागते. बोट मोकळं ठेवून दाबलं असेल तर गाडी थांबते. मी चाकं फिरतात का बघत होतो, बोट निम्मं ओढलेलं, आणि तसंच बटण दाबलं. म्हणजे चालक गेल्यावर निम्म्या वेगानं चालत राहा, असं मीच तिला शिकवून पाठवलं.

रिमोट मी नेहमी शेवटी बंद करतो, म्हणून माझी चूक मला कधी दिसलीच नाही. तुम्ही हातात घेतल्यावर पाच मिनिटांत विचारलंत, ‘मी नसलो तर?’ आम्हा सगळ्या मंडळींत हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दुरुस्ती सोपी आहे. वरचं टप काढा. मागच्या बाजूला काळी डबी, तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढं बटण. रिमोट सुरू, गाडी सुरू, बोट अगदी मोकळं. बटण दाबून धरा, दिवा तीनदा लुकलुकला की सोडा. मग चाकं जमिनीला लागणार नाहीत अशी गाडी विटेवर ठेवा, चालवा आणि रिमोट बंद करा.

करा किंवा करू नका, पण गाडी तुमच्यामुळे गेली नाही एवढं ध्यानात असू द्या. लोकांसमोर हातानं शिकल्याच्या बढाया मारत आलो, त्याची लाज वाटते.

आपला,
दादा


३ मार्च

प्रिय मामा,

घाईत दोनच ओळी. तुझं पत्र बाबांनी तीनदा वाचलं.  काल माझ्याकडे दातांच्या कामाचा सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर मागितला. दार बंद आहे, आतून गाडीचा आवाज येतो, मग बंद होतो, मग पुन्हा येतो. आई आणि मी बाहेर उभ्या राहून मोजतोय. मी सतरापर्यंत मोजलं, मग मला कामाला जावं लागलं.

खारूताई


१६ मार्च

दादांना सप्रेम नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. लॉगशीट भरायची आहे, तसंच लिहितो.

बटण दाबलं. दिवा तीनदा लुकलुकला. विटेवर ठेवून दहा वेळा तपासलं, जमिनीवर सव्वीस वेळा. छत्तीसच्या छत्तीस वेळा थांबली. सर्वांत लांब थांबली ती दीड वीत पुढे जाऊन. गाडी रस्त्यावर काढायला योग्य आहे.

आता दुसरं. पोरीला वाटतं मला लायसन्सचा राग आहे. राग नव्हता. त्या दिवशी पहिली फेरी माझी होती. उठायला उशीर झाला, साखरेची गोळी घेतली आणि काही न खाता निघालो. सकाळभर चहाच्या घोटावर काढली. फाटकात डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्ध आली तेव्हा इंजिन ओरडत होतं आणि माझा पाय अ‍ॅक्सिलेटरवरच होता. मागे डेपोची अकरा माणसं बसलेली. भिंत होती म्हणून थांबलो, मी थांबवली नाही.

उपाशीपोटी गोळी घेतली हे मी कुणाला सांगितलं नाही. डेपोत सांगितलं असतं तर म्हणाले असते, एकतीस वर्षांचा ड्रायव्हर आणि एवढं कळत नाही. डॉक्टरांना नाही सांगितलं, बायकोला नाही. मग ते ‘कारण कळत नाही’ म्हणत राहिले आणि मला वाटत राहिलं की पुन्हा कधीही होईल. रस्त्यात पडलो आणि मला चुकवायला एखाद्यानं गाडी दुसऱ्यावर घातली तर? म्हणून बाहेर जात नव्हतो. गाडी रॅकवर चढली तेव्हा तेच पुन्हा दिसलं.

तुमचं पत्र आलं. तुम्ही तुमची चूक पान नंबरासकट लिहिलीत. मला एवढी वर्षं वाटायचं, तुम्हाला फक्त फुगायला येतं. परवा डॉक्टरकडे गेलो आणि गोळीचं सांगून टाकलं. ते म्हणाले, “अहो, हे सहा महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर तुम्हाला सहा महिने घरात बसावं लागलं नसतं.” गोळी बदलून दिली. वेळेवर खा, खिशात साखर ठेवा, मग पाहिजे तेवढं चाला म्हणाले. घरी येऊन हिला सांगितलं. ही आधी रागावली आणि मग रडली. नंतर दोन दिवस माझ्या ताटात इतकं वाढत होती की उठवत नव्हतं.

काल वीटभट्टीवर गेलो. एकटाच, पोरीला घरी बसवलं. एका खिशात साखरेच्या पुड्या, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. पन्नास मिनिटं चाललो. तिसऱ्या ढिगाऱ्यावर गाडी दोनदा उलटली. उजवीकडून चढवली तर जाते. ती माझ्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, तेवढं अजून जमत नाही. त्याला काही युक्ती असेल तर कळवा.

साठीच्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं.

आपला,
तुमच्या धाकटीचा नवरा


२४ मार्च

दाजींना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं, मामी ऐकत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “आता तरी चष्मा पुसा, नाहीतर पुन्हा भलतंच बटण दाबाल.” माझ्या छातीवर किती महिने काय ठेवलेलं होतं, हे ते उतरल्यावर कळलं. धाकटीला सांगा, ताटात थोडं कमी वाढ, दाजी आता कुठे पळून जाणार नाहीत. आणि गेले तर तासाभरात येतील.

युक्ती आहे. गाडी तुमच्याकडे येत असेल तेव्हा तुम्ही तिच्याकडे पाठ फिरवून, ती जिकडे चालली आहे तिकडेच तोंड करा आणि खांद्यावरून मागे बघा. मग डावं ते डावंच राहतं. बस मागे घेताना तुम्ही हेच करत असाल. पंधरा दिवसांत शरीर आपोआप शिकेल, मग फिरावं लागणार नाही.

आता माझी हकीगत ऐका. तुमचं पत्र आल्यावर मी आमच्या मंडळींना मैदानात उभं केलं आणि सगळ्यांना चालत्या गाडीचा रिमोट बंद करायला लावला. अकरा गाड्या होत्या. पाच थांबल्या. सहा सुटल्या. एक निवृत्त मास्तरांच्या धोतरात शिरायला निघाली होती, एक सरळ नाल्यात. नाल्यातली काढायला दोन तास लागले. त्या मास्तरांचं म्हणणं आहे की पुढच्या महिन्यापासून दर रविवारी गाड्या सोडायच्या आधी कुणीतरी जाणत्यानं प्रत्येक गाडी तपासावी, आणि तो पास म्हणेल तीच मैदानात उतरेल. आमच्यात तसा जाणता कुणी नाही. सगळे माझ्यासारखे, हाताला कळणारे. मी तुमचं नाव सांगून बसलोय. तुम्हाला विचारलं नाही, हा माझा आगाऊपणा.

बसनं तीन तास लागतात. खिडकीशी बसा, डबा घेऊन या, गाडी मांडीवर ठेवा. खारूताईला बरोबर आणा, तिच्या नाकाला फडकं बांधून. मामीनं पाहुण्यांच्या खोलीतली माझी सगळी गाड्यांची खोकी आत्ताच बाहेर काढली आहेत, म्हणजे तुम्ही येणार हे तिनं धरलंय.

कोणत्या रविवारी येता ते लगेच कळवा. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी समजेन, तुम्ही बाहेर आहात. तसं असेल तर फारच चांगलं, पण परत आल्यावर दोन ओळी टाकाच.

आपला,
दादा